लावून येते, मग पुढचं लिहिते

१२ सप्टेंबर

चिंगे,

तुझी वहिनी पडली. घाबरू नकोस, आधी पत्र पूर्ण वाच. बावीस दिवस झाले. न्हाणीघरात पाय घसरला आणि पाठीवर आपटली. पंधरा दिवस दवाखान्यात होती, आता घरी आणलीय. कण्याला मार आहे. उताणं पडून राहायचं, उठायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. किती दिवस, ते नंतर कळेल.

तुला लगेच कळवलं नाही, कारण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. मी 'पडली' म्हणायचा अवकाश, तू नोकरी सोडून पिशवी भरून दारात. तसं करू नकोस. किती खेटे घालून ती नोकरी मिळाली ते मी बघितलंय. इथे शेजारच्या सुताराची बायको सकाळी बसते, दुपारपासून मी असतो. दुकानाच्या मालकाने अर्धा दिवस कबूल केलाय.

फोनही करू नकोस. फोनवर तू रडतेस, मग मी ओरडतो आणि मुद्द्याचं राहून जातं. शिवाय घर सजवायच्या तुझ्या कृती या घरात कागदावरच येतात. अकरा वर्षं तुम्ही नणंद-भावजय एकमेकींना पत्रं लिहिता, त्यात डबे, दोऱ्या, चिमटे यांची चित्रं काढता, आणि मी तुम्हाला रिकामटेकड्या म्हणत आलो. आता मलाच कृती पाहिजे. हसायचं असेल तर हसून घे.

काम छताचं आहे. तिच्या उशीपासून छत बरोबर सात फूट, मी मोजलं. पिवळट पडलेला पांढरा रंग, एक पंखा आणि ओलीचा एक मोठा डाग, बरोबर तिच्या तोंडावर. ती दिवसभर तेच बघते. माझा जन्म गेला लोकांना नीट दिसावं म्हणून चष्म्याच्या काचा घासण्यात, आणि घरच्या माणसाला मी डाग दाखवतोय.

तिचा नंबर उणे चार. कूस बदलून देताना दांडी टोचते म्हणून चष्मा काढूनच ठेवलेला असतो. तेव्हा बारीकसारीक नक्षी उपयोगाची नाही. मोठं, ठळक, रंगीत पाहिजे. आणि हलकं पाहिजे, खाली पडलं तर तिला लागता कामा नये. तू काम करतेस तसं, सगळं एकाच किमतीला विकणारं दुकान आमच्या बसस्टँडसमोरही निघालंय. तू सांगशील ते आणतो.

तुझा दादा


१९ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र दुकानाच्या मागच्या खोलीत, बादल्यांच्या खोक्यावर बसून वाचलं. आधी रडले, मग तुला शिव्या घातल्या, मग परत रडले. बावीस दिवस! मी काय परकी आहे? नको म्हणालास म्हणून येत नाही. पण वहिनी उठून बसायला लागली की दुसऱ्या दिवशी मी तिथे, मग तुझं कोण ऐकतंय.

आता छताचं. अरे दादा, सहा वर्षं मी इथे मांडणी करते. लोक भिंत नटवतात, टेबल नटवतात, एक बाई तर बेसिनखालचा पाइप नटवायला सुतळी घेऊन गेली. छत नटवणारं गिऱ्हाईक तू पहिलंच. दोन दिवस डोकं खाजवलं. मग सापडलं.

सहलीला नेतात त्या प्लास्टिकच्या हलक्या ताटल्या असतात बघ, सुट्या मिळतात. एक पिवळी घे, सहा लाल घे. पिवळी बरोबर त्या डागावर लाव आणि भोवती लाल सहा, कडेला कड भिडवून. झालं फूल. डागही झाकला आणि वहिनीला चष्म्याशिवाय दिसेल एवढं मोठंही झालं. दुहेरी चिकटपट्टीने लाव, डिंक छताला धरत नाही.

आता नियम नीट वाच, उगाच नजर फिरवू नकोस. पहिला, ताटलीच्या मागचं किमतीचं लेबल काढायचं. नखाने खरवडायचं नाही. वर थोडं खोबरेल चोळून ठेवायचं, ते आपोआप सुटतं, मग साबणाने धुवायचं. लेबलावर चिकटवलेली वस्तू लेबलासकट खाली येते, हे आमच्या दुकानात रोज एक तरी गिऱ्हाईक येऊन सांगतं आणि वर आमच्याशीच भांडतं. दुसरा, व्हिनेगरने पुसून कोरडी करायची. तिसरा, लावल्यावर चोवीस तास हात लावायचा नाही. वहिनीला पहिले दोन तोंडपाठ आहेत, तिसरा तिने आयुष्यात पाळलेला नाही. तिला दम कुठाय!

आणि हो, जुलैत मी तिला सूर्याच्या आरशाची कृती पाठवली होती. हाताच्या पंजाएवढा गोल आरसा, मागे पुठ्ठा, भोवती लाकडी काड्या, वरून सोनेरी रंगाचा फवारा. केला का तिने? उत्तरच नाही तिचं. केला असेल तर ती बरी होईपर्यंत तूच दारावर लावून टाक. तिला लिहिलं तेच तुलाही सांगते, उंच लाव. खाली लावलेली वस्तू दुकानातली वाटते, उंच लावलेली घरातली वाटते.

वहिनीला सांग, आराम कर, आणि मला दोन ओळी लिही.

तुझी चिंगी


२६ सप्टेंबर

चिंगे,

ताटल्या आणल्या. चिकटपट्टी रुंद घ्यायची की अरुंद, ते लिही.

आरशाचं पुन्हा काही लिहू नकोस. उंच लाव, हे तर मुळीच नको. कारण विचारू नकोस.

वहिनीला लिहायचं असेल तर लिही. मी वाचून दाखवीन. ती सध्या काही वाचत नाही.

दादा


५ ऑक्टोबर

वहिनी गं,

हे पत्र तुला दादा वाचून दाखवणार, म्हणून त्याची निंदा आधी उरकून घेते. तुझा नवरा फार शेफारलाय. मी एवढी दोन पानं कृती लिहिली, तर त्याचं उत्तर चार ओळींचं, आणि त्यातही 'हे लिहू नकोस, ते विचारू नकोस.' वाच रे दादा, वाच, गिळू नकोस. पट्टी रुंद घे.

वहिनी, तू माझ्यावर रागावलीस का? मागच्या पत्रात मी तुझ्या नव्या पडद्याला मच्छरदाणी म्हणाले, त्याचा राग आला? चेष्टा केली गं. तुझ्या पडद्याची नक्कल करून आम्ही दुकानाच्या दर्शनी भागात लावलाय, शपथ. जुलैपासून तुझ्या अक्षराचा एक कागद नाही. पाठ दुखते हे समजलं, पण तू तापातही मला लिहायचीस. घराबाहेर चपला वाजल्या तरी पोस्टमन आला असं वाटतं मला.

तुला आठवतं, मी नवऱ्याचं घर सोडून एका पिशवीनिशी या गावात आले, तेव्हाची ती हिरव्या भिंतींची खोली? मी तीन दिवस जेवले नव्हते. तू आलीस आणि समजूत घातली नाहीस, काही नाही. एक पिशवी उपडी केलीस. रिकामे डबे, सुतळीचं बंडल, कपड्यांचे चिमटे. म्हणालीस, 'धर हे टोक.' आपण दोघींनी संध्याकाळपर्यंत डब्यांना सुतळी गुंडाळली. मी म्हणाले, भाड्याची खोली कशाला सजवायची, भिंत तरी आपली आहे का? तर तू म्हणालीस, 'भिंत नसेल, खिळा आपला आहे ना?' त्या रात्री मी जेवले. पुढे या दुकानात मुलाखतीला गेले तेव्हा तोच सुतळीचा डबा दाखवला होता आणि त्यावरच मला घेतलं. सहा वर्षं मी तुझ्याच त्या पिशवीवर जगतेय.

म्हणून एक पार्सल पाठवलंय. दादा आरशाचं लिहू नको म्हणतो. तो वेंधळा आहे, त्याच्या हातून फुटला असेल आणि तोंड लपवतोय, दुसरं काय! मी नवा करून पाठवतेय, तयार. चोवीस नाही, अठ्ठेचाळीस तास सुकवलाय. तू बरी झालीस की लाव. तोवर उशाशी ठेव.

एक ओळ तरी लिही. 'चिंगे, गप्प बस' एवढी लिहिलीस तरी चालेल.

तुझी चिंगी


१४ ऑक्टोबर

चिंगे,

पार्सल मी तिच्यासमोर उघडलं. वरचा कागद काढला, सोनेरी काड्या दिसल्या, आणि तिने डोळे मिटून मान भिंतीकडे केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही हात उचलला नाही. दोन दिवस तिने तोंडात काही घेतलं नाही. मी तो आरसा गुंडाळून पलंगाखाली सारलाय.

आता ऐक. मी तुझ्याशी खोटं बोललो. ती न्हाणीघरात पडली नाही. २१ ऑगस्टला दुपारी तुझा सूर्य दारावर लावताना ती स्टुलावरून पडली आणि उंबऱ्याच्या कडेवर पाठ आदळली. मी दुकानात होतो. सुताराची बायको धावत आली. आरशाचा चुरा झाला होता आणि काड्या घरभर उडाल्या होत्या. अजून एखादी कपाटाखाली सापडते.

ती उठणार नाही, चिंगे. कमरेखाली तिला काही कळत नाही. डॉक्टरांनी हे पहिल्याच आठवड्यात मला बाजूला घेऊन सांगितलं. आणि त्या दिवसापासून ती बोलत नाही. जीभ शाबूत आहे, गळा शाबूत आहे, सगळं तपासलं. बोलत नाही. मी छत नटवायला निघालो ते त्याच्यासाठी. वाटलं, वर काहीतरी बघून एखादा शब्द बोलेल. 'किती घाण दिसतंय' म्हणाली तरी मी नाचलो असतो.

ती पडली तेव्हा टेबलावर तुला लिहायला घेतलेलं पत्र होतं. पेनाचं टोपण उघडं. तो कागद मी माझ्या काचांच्या खणात ठेवलाय, तो तुला देणार नाही. नक्कल करतो, वाच.

'२१ ऑगस्ट. चिंगे, सूर्य झाला गं! काय देखणा झालाय म्हणून सांगू. तीन काड्या वाकड्या आहेत, पण खऱ्या सूर्याच्या तरी कुणी मोजल्यात? आणि मच्छरदाणी काय म्हणतेस माझ्या पडद्याला? आता ये इकडे, तुला त्यातच बांधून ठेवते. चोवीस तास थांब म्हणतेस, मी बरोबर चोवीस मिनिटं थांबले. दाराच्या चौकटीच्याही वर लावणार आहे, तू लिहिलंस तसा उंच. तुझ्या दादाची मान एकदाची वर जाईल, दिवसभर खाली बघून काचा घासतात. त्यांना सांगितलंच नाहीये, संध्याकाळी आले की गंमत. थांब, लावून येते, मग पुढचं लिहिते.'

पुढचं नाही. एवढंच आहे.

'तू लिहिलंस तसा उंच.' हे वाक्य मी रोज वाचतो. तुझा दोष नाही, असं लिहायला बसलो होतो. हाताने लिहवत नाही.

दादा


१ डिसेंबर

दादा,

किती कागद फाडले त्याला गणती नाही. आजही पत्र टाकीन की नाही ठाऊक नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दुकानात मांडणीच करत होते. काड्यांची पाकिटं, आरसे, फवारे, सगळं एकाच फळीवर आणि वर माझ्याच हातची पाटी, 'स्वतः बनवा.' ती पाटी मी काढली. मालकिणीने विचारलं, काय झालं? मी म्हणाले, फाटली होती. मग मी मांडणीचं कामच सोडलं, आता मागे खोकी उघडायला बसते. कधी गल्ल्यावर बसवलं आणि कुणी त्या काड्या मागितल्या तर 'संपल्या' म्हणते. मागे भरलेलं खोकं असतं. माझ्या तोंडून दुसरं काही निघतच नाही.

मी शंभर जणांना ते वाक्य सांगितलं असेल, उंच लावा म्हणून. ऐटीत सांगायचे. ज्या बाईने मला उभं केलं, तिलाच मी आडवी केली. दादा, तू 'दोष नाही' असं लिहिलं नाहीस ते बरं केलंस. लिहिलं असतंस तरी मला ते पटलं नसतं.

मी येते. राजीनामा लिहून पिशवीत ठेवलाय. तिचं सगळं मी करते, हगणं-मुतणं, न्हाऊ घालणं, सगळं. ती माझ्याशी बोलणार नाही, तोंड फिरवील, फिरवू दे. मी तिच्या पाठीमागे बसून राहीन. नको म्हणू नकोस, तारीख तेवढी सांग.

ताटल्या लावल्यास का, हे विचारायला मला तोंड राहिलेलं नाही.

चिंगी


१२ डिसेंबर

चिंगे,

तो राजीनामा आधी फाड, मग पुढचं वाच.

मी तुला अर्धंच सांगितलं होतं. ते स्टूल. त्याचा एक पाय आखूड होता, दोन वर्षं. ती म्हणायची, 'अहो, तेवढं सुताराकडे द्या.' सुतार भिंतीपलीकडे राहतो, चिंगे! हाक मारली तर ऐकू जाते. मी उद्या देतो, परवा देतो करत राहिलो आणि पायाखाली चष्म्याच्या डबीच्या पुठ्ठ्याची घडी घातली. स्वतःवर खूशही होतो, बरोबर मापाची बसली म्हणून. ती पडली त्यानंतर मला ती घडी सुपलीत सापडली. केर काढताना निघाली असणार. ती मी खिशात घातली आणि कुणालाही सांगितलं नाही. तुझं वाक्य हाताशी होतं म्हणून मला इतके महिने त्या घडीकडे बघावं लागलं नाही. मोठा भाऊ आहे मी तुझा. मला लाज वाटते.

आता दुसरं. ताटल्या ऑक्टोबरच्या शेवटी लावल्या. रुंद पट्टीने. खोबरेल, साबण, व्हिनेगर, सगळं केलं. वहिनीने एकदा बघितलं आणि डोळे मिटले. शब्द नाही. मी समजलो, हेही वाया गेलं.

गेल्या मंगळवारी दुपारी मी तिला चमच्याने पाणी पाजत होतो. वर टक्क असा आवाज झाला आणि मधली पिवळी ताटली सुटून थेट तिच्या नाकावर. चमचा सांडला. ती ताटली नाकावरून घसरून छातीवर उलटी पडली होती. तिने ती हातात घेतली. डोळ्यांच्या अगदी जवळ नेली, चष्मा नव्हता ना. मागची बाजू बघितली. आणि म्हणाली, 'लेबल काढलं नव्हतंत ना?'

चिंगे, साडेतीन महिन्यांनी. आवाज असा, जुनं दार उघडावं तसा. मी चाचरत म्हणालो, 'सहांचं काढलं होतं. सातवीचं राहिलं.' तर म्हणाली, 'चिंगी दर पत्रात लिहिते. तुम्ही वाचता, पण डोक्यात शिरतं कुठे?' मग रडायला लागली आणि थांबेना. मीही. सुताराची बायको धावत आली, तिला वाटलं काही बरंवाईट झालं. दुसऱ्यांच्या काचेवरचा केसाएवढा ओरखडा मला दिसतो, आणि हातातलं लेबल दिसलं नाही. कधी नव्हे ते माझ्या आंधळेपणाचं भलं झालं.

तेव्हापासून थोडं बोलते. दिवसाला पाच-दहा वाक्यं, त्यातली चार मला रागावण्याची. काल विचारलं, 'चिंगीचं पत्र का येत नाही?' तुझं पत्र खिशातच होतं. वाचून दाखवलं. मग मी तुला काय लिहिलं होतं तेही सांगितलं, स्टुलाचंही सांगितलं, खिशातली घडी काढून तिच्या हातावर ठेवली. ती घडी बोटांत फिरवत राहिली. मला वाटलं, झालं, पुन्हा गप्प झाली. मग हात पुढे केला. म्हणाली, 'माझं पत्र कुठाय? अर्धं राहिलंय ते. द्या इकडे.'

खणातून काढून दिलं. अजून उशीखाली आहे.

तुझा दादा


(जुन्याच कागदावर, निळ्या शाईच्या ओळींखाली, पेन्सिलीने)

…थांब, लावून येते, मग पुढचं लिहिते.

९ जानेवारी

लावून आले गं. जरा उशीर झाला.

पेन्सिलीने लिहितेय, कारण उताणं पडून पेन चालत नाही, शाई मागे जाते. तुझ्या दादाने पुठ्ठ्याला चिमट्याने कागद लावून दिलाय. रोज चार ओळी होतात, मग हात भरून येतो. अक्षर वाकडं आहे, पण तुझ्या सरळ अक्षरापेक्षा बरं.

खोटं कशाला बोलू, मला तुझा फार राग आला होता. छताकडे बघत मी मनात तुझ्याशीच भांडायचे. 'उंच लाव म्हणे! मोठी आली शहाणी!' मग ह्यांच्याशी भांडायचे. मग स्वतःशी. ती घडी मीच काढली होती केर काढताना, आणि स्टुलावर चढताना मला आठवलीही होती. म्हटलं, एका मिनिटाचं तर काम, आता कोण शोधत बसतंय. तेव्हा तू एकटीच डोकं आपटून घेऊ नकोस, आम्ही दोघंही रांगेत आहोत. राग गेलाय असं नाही. पण पूर्वी तो सकाळपासून रात्रीपर्यंत पुरायचा, आता दुपारीच संपतो.

बोलत का नव्हते, असं सगळे विचारतात. तोंड उघडलं असतं तर पहिला प्रश्न तोच विचारावा लागला असता, मी उठणार की नाही. गप्प राहिले तोवर तो टळला. ताटली पडली त्या दिवशी तोंड उघडलंच, तर मग दुसऱ्या दिवशी विचारून टाकला. हे खोटं बोलतील असं वाटलं होतं. बोलले नाहीत. नाही म्हणाले आणि माझा हात धरून बसले.

आता तुझ्या आरशाचं. पार्सलमधल्या. तो पलंगाखाली होता आणि मी त्याच्यावर झोपत होते, हे मला रोज माहीत असायचं. परवा मीच काढायला लावला. सुताराला बोलावलं, त्याचीच शिडी, खालून त्याच्या बायकोने धरली. मागे लेबल नाही ते मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. डिंकावर विसंबले नाही, स्क्रू मारायला लावले. पलंगाच्या पायथ्याकडच्या भिंतीवर, चांगला उंच, माझ्या उशामागच्या दाराकडे थोडा कललेला. तुझा दादा दीड तास माझ्या उशीवर गालाला गाल लावून एक डोळा मिटून, 'अजून डावीकडे, अर्धं बोट, आता केसभर,' असं ओरडत होता. सुतार म्हणाला, काका, एवढ्या वेळात कपाट झालं असतं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण तुझा दादा दीड तास माझ्या उशीवर डोकं ठेवून कधी पडला नव्हता.

जमलं शेवटी. चष्मा लावला की पडल्या पडल्या दार दिसतं. हाताच्या पंजाएवढं, पण उंबऱ्यापासून चौकटीपर्यंत सगळं.

त्या दारातून मी आता बाहेर जाणार ती चौघांच्या खांद्यावरूनच, हे मला कळतं. हे वाक्य लिहिलं आणि दोन दिवस पेन्सिल धरली नाही. आज पुन्हा घेतली. बाहेर जाणं नसलं तरी आत कोण येतं ते दिसतं. चार महिने नुसते आवाज होते. आता सुताराची बायको आधी पदर सारखा करते मग आत येते, हे दिसतं. हे दुकानातून आले की दारात थांबून तोंड हसरं करून घेतात आणि मग आत येतात, हेही दिसलं. ते त्यांना सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

राजीनामा दिलास तर याद राख. सेवेला येऊ नकोस. सेवा करणारी माणसं तोंड पाडून बसतात, ते बघायला मला घरात एक पुरे आहे. पाहुणी म्हणून चार दिवस ये, भांड, जेव आणि जा. आणि काड्यांचं एक पाकीट आण. भरलेलं खोकं मागे ठेवून गिऱ्हाईकाला 'संपल्या' म्हणतेस, शोभतं का तुला? ती पाटी पुन्हा लाव. मधली ताटली मी परत लावू दिलेली नाही, डाग उघडा पडलाय, तिथे काय करायचं ते आपण दोघी मिळून बघू. मी पडून सांगते, तू चढ. स्टूल मोडून सरपणात घातलंय, शिडी मागून आणू.

येशील तेव्हा दार वाजवू नकोस, दुपारी ते उघडंच असतं. आणि एकदम धावत आत येऊ नकोस, तुझी सवय मला ठाऊक आहे. उंबऱ्यावर जरा उभी राहा. चष्मा लावायला मला हल्ली वेळ लागतो.

तुझी वहिनी